1966: डॉक्टरने चेहरा बदलला ते वर्ष

29 ऑक्टोबर 1966, शनिवारची संध्याकाळ. ब्रिटनमध्ये बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा नवा भाग लागला होता. दक्षिण ध्रुवावरच्या तळावर आलेलं संकट टळलं होतं, पण थकलेला म्हातारा डॉक्टर, म्हणजे काळातून प्रवास करणारा मालिकेचा नायक, बर्फातून धडपडत आपल्या टार्डिस या यानाकडे निघाला. बेन आणि पॉली हे त्याचे सोबती मागोमाग पोचले, तोवर तो आत जमिनीवर कोसळला होता. पडद्यावर पांढराशुभ्र उजेड पसरला आणि त्या उजेडात चेहरा बदलला. डॉक्टरच्या भूमिकेतून विल्यम हार्टनेल गेले, पॅट्रिक ट्रॉटन आले.

ही मालिका आज जिवंत आहे ती त्या काही सेकंदांमुळे, असं माझं ठाम मत आहे. 1963 साली ती जन्माला आली आणि 2005 मध्ये मोठ्या खंडानंतर पुन्हा उभी राहिली, या तारखा महत्त्वाच्या आहेतच. पण 1966 मध्ये ते धाडस झालं नसतं, तर 2005 साली परत आणायला काही उरलंच नसतं.

थोडं मागे जाऊ. 23 नोव्हेंबर 1963 ला पहिला भाग दाखवला गेला, तेव्हा केनेडींच्या हत्येला जेमतेम एक दिवस झाला होता. बीबीसीच्या नाट्यविभागाचे कॅनडाहून आलेले प्रमुख सिडनी न्यूमन यांची ही कल्पना, आणि निर्माती होती अवघ्या सत्ताविशीतली व्हेरिटी लॅम्बर्ट. पहिल्या कथेचं दिग्दर्शन वारिस हुसेन यांनी केलं. ते मूळचे लखनौचे. डॉक्टरच्या भूमिकेसाठी घेतलेल्या हार्टनेलनी तोवर पडद्यावर खडूस फौजी आणि गुन्हेगारच जास्त रंगवले होते. लहान मुलांचा लाडका आजोबा होण्याची संधी त्यांना पन्नाशी उलटल्यावर मिळाली आणि त्यांनी ती जिवापाड जपली.

पण कामाचा रेटा भयंकर होता. पहिल्या वर्षातच 42 भाग झाले. आठवडाभर तालीम, मग एका संध्याकाळी रेकॉर्डिंग. व्हिडिओ टेप महाग, संपादन किचकट, त्यामुळे प्रसंग शक्यतो सलग चित्रित व्हायचे. नाटकाचा प्रयोगच म्हणा ना, फक्त दर आठवड्याला संहिता नवी. आणि हार्टनेलना रक्तवाहिन्या कठीण होण्याचा आजार जडला होता. संवाद लक्षात राहीनात, चिडचिड वाढली. सुरुवातीचे सहकारी आणि लॅम्बर्ट 1965 संपेपर्यंत बाहेर पडले होते. त्यामुळे सेटवर आपलं म्हणावं असं माणूसही उरलं नव्हतं.

लॅम्बर्टनंतर आलेले निर्माते जॉन वाइल्स यांचं हार्टनेलशी पटलं नाही. त्यांनी 1966 च्या सुरुवातीलाच एक तोडगा सुचवला होता. एका कथेत खलनायक डॉक्टरला अदृश्य करतो, तर पुन्हा दिसताना त्याला वेगळाच चेहरा द्यावा. वरिष्ठांनी नकार दिला आणि वाइल्स गेले. ती कथा एप्रिलमध्ये दाखवली गेली. तिच्यात डॉक्टर अदृश्य होतो खरा, पण हार्टनेलचाच चेहरा घेऊन परततो.

नवे निर्माते इन्स लॉइड यांना मालिका आजच्या जगात आणायची होती. विज्ञानाचा सल्ला द्यायला त्यांनी किट पेडलर या वैद्यकीय संशोधकाला बोलावलं. लंडनचा पोस्ट ऑफिस टॉवर त्याच वर्षी लोकांसाठी खुला झाला होता. त्यातून ‘द वॉर मशीन्स’ ही कथा निघाली. टॉवरमधला वोटान नावाचा संगणक टेलिफोनच्या तारांवरून माणसांचा ताबा घेतो आणि इतर संगणकांशी जोडला जाणार असतो. 1966 साली हे सुचावं याचं मला अजून नवल वाटतं. याच कथेत बेन आणि पॉली आले. आधीची सोबतीण डोडो मात्र कथेच्या मध्यातच गायब झाली. तिला धड निरोपसुद्धा मिळाला नाही, ही गोष्ट मला खटकते.

पेडलरचं मोठं देणं म्हणजे सायबरमेन, मालिकेतले अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले खलनायक. माणसाचा एकेक अवयव काढून यंत्राचा बसवत गेलो तर माणूस कुठवर उरेल, ही त्यांना मनापासून वाटणारी भीती होती. कथा संपादक गेरी डेव्हिस यांच्यासोबत त्यांनी ‘द टेन्थ प्लॅनेट’ लिहिली, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली दक्षिण ध्रुवावरची कथा. या पहिल्या सायबरमेनचे चेहरे कापडात गुंडाळलेले आहेत, हात मात्र माणसाचे, उघडे. तोंड उघडं राहतं आणि आतून हेलकावे खाणारा चमत्कारिक आवाज येतो. पुढचे चकचकीत सायबरमेन दिसायला भारी आहेत, पण भीती वाटते ती या बँडेजवाल्यांचीच, कारण ते कालपर्यंत आपल्यासारखे होते हे डोळ्यांना दिसतं.

दरम्यान प्रेक्षक आटत चालले होते. सप्टेंबरमधली चाच्यांची कथा सरासरी 45 लाखांच्या आसपास लोकांनी पाहिली. 1965 मध्ये हाच आकडा कोटीच्या वर जात असे. मालिका बंद करणं सोपं होतं. लॉइडनी त्याऐवजी ठरवलं की नट बदलायचा आणि ते लपवायचं नाही.

मला मोल वाटतं ते या न लपवण्याचं. आपल्याकडे नाटकात बदली नट उभा राहतो, आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक तोच तो मानून घेतो. दर शनिवारी घरात येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे मानून घेणं सोपं नाही. शिवाय तेव्हा हातात काहीच तयार नव्हतं. अशा चेहरा-शरीर बदलाला ‘रीजनरेशन’ हा शब्द मालिकेत 1974 ला आला, डॉक्टरच्या जमातीचं ‘टाइम लॉर्ड’ हे नाव 1969 ला. डॉक्टर हा माणूस नाही एवढ्याच धाग्यावर सगळं तोललेलं होतं.

‘द टेन्थ प्लॅनेट’चं चित्रीकरण लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओत चाललं होतं. तिसऱ्या भागाच्या वेळी हार्टनेल आजारी पडले, तेव्हा त्यांचे संवाद इतरांना वाटून दिले गेले आणि डॉक्टर जवळजवळ सगळा भाग बेशुद्ध राहिला. चौथा भाग 8 ऑक्टोबरला चित्रित झाला. दोघे नट सारखेच आडवे झाले, दोघांच्या चेहऱ्यांवर एकेक कॅमेरा. मिक्सिंग डेस्कमध्ये एक बिघाड होता, चित्र मध्येच फटफटीत पांढरं पडायचं. डेस्कवर बसलेल्या शर्ली कॉवर्ड यांनी तो बिघाडच कामाला लावला. तो उजेड तिथून आला.

5 नोव्हेंबरला ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ सुरू झाली. सेहेचाळीस वर्षांचे ट्रॉटन आरशात पाहतात तर हार्टनेलचा चेहरा दिसतो. जुनी अंगठी बोटातून निसटते. बेन म्हणतो, हा आपला डॉक्टर नाही. पॉली म्हणते, आहे. घराघरात जो वाद होणार होता तो पडद्यावरच घडवून आणला. शेवटी खात्री पटवतो तो डालेक, डॉक्टरचा जुना वैरी. सोबत्याला ओळख पटेना, पण वैऱ्याने बघताक्षणी ओळखलं! नव्या डॉक्टरला हार्टनेलची नक्कल करायला लावली नाही. तो रेकॉर्डर हे बासरीसारखं वाद्य वाजवतो, पायघोळ विजार घालून गबाळा हिंडतो. विश्वभर भटकणारा फकीर, असं रूप न्यूमननी सुचवलं होतं. ट्रॉटननी पुढची तीन वर्षं ते निभावलं.

हार्टनेल एकदाच परतले, दहाव्या वर्षानिमित्ताच्या ‘द थ्री डॉक्टर्स’ या कथेत. तब्येत इतकी खालावली होती की त्यांचे प्रसंग वेगळे घेतले, संवाद फलकावरून वाचून. 1975 च्या एप्रिलमध्ये ते गेले.

1966 मधलं बरंच काही आता पाहता येत नाही. बीबीसीने टेपा पुसल्या, फिल्म टाकून दिल्या. ट्रॉटनच्या पहिल्या कथेचे सहाही भाग गेले, ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भागही. आवाज मात्र सगळा आहे, कारण काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला. जॉन क्युरा नावाच्या छायाचित्रकाराने पडद्याचे काढलेले फोटो आहेत. आणि चेहरा बदलतानाची ती काही सेकंदं आहेत. 1973 मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता, म्हणून तेवढा वाचला.