अमेरिकेत कला-इतिहासाचा टीए व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट, प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणारा विद्यार्थी. त्या कामाचा वेगळा फॉर्म शोधत बसू नका. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत कला-इतिहासाच्या पीएचडीचा अर्ज हाच टीएचाही अर्ज असतो. प्रवेशाच्या पत्रातच फीमाफी, मानधन आणि त्याबदल्यात किती सत्रं शिकवायचं हे लिहिलेलं असतं. एमएला ही सोय बरेचदा नसते, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी विभागाला ईमेल करून विचारा.

अर्ज बहुधा डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत भरावे लागतात. सोबत लागतात विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट्स (अधिकृत गुणपत्रकं), शिफारसपत्रं (सहसा तीन), उद्देशपत्र आणि स्वतःच्या लेखनाचा नमुना. या नमुन्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जेजेतून किंवा इतर कलामहाविद्यालयातून येणाऱ्यांकडे चित्रं भरपूर असतात, पण संदर्भांसहित लिहिलेला वीस पानी निबंध नसतो, आणि निवड समिती वाचते तो निबंधच. अजिंठ्याच्या एकाच लेण्यावर बारकाईनं लिहिलंत तरी चालेल. अख्ख्या भारतीय कलेचा आढावा नको.

इंग्रजीच्या परीक्षेत प्रवेशापुरते गुण मिळाले म्हणजे झालं असं नाही. वर्गात शिकवायचं तर अनेक विद्यापीठं बोलण्याच्या भागात वेगळे, जास्त गुण मागतात किंवा तिथे पोहोचल्यावर तोंडी चाचणी घेतात. हे जरूर तपासा.

काम काय असतं? मोठं व्याख्यान प्राध्यापक देतात. टीए आठवड्याला छोट्या गटांचे चर्चेचे तास घेतो, संग्रहालयात नेतो, निबंध तपासतो. परीक्षेत पडद्यावर कलाकृती दाखवतात आणि विद्यार्थ्यांनी कलाकार, शीर्षक, काळ, माध्यम ओळखायचं असतं. त्या उत्तरपत्रिका तपासताना आठवडा कसा जातो कळत नाही, तेव्हा स्वतःच्या अभ्यासाचे तास आधीच राखून ठेवा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तासच काम करता येतं. ग्रंथालयात जास्तीची नोकरी धरलीत तर तेही तास यातच मोजले जातात. ही मर्यादा ओलांडली तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

आता क्रम. आय-२० (विद्यापीठ व्हिसासाठी देतं ते प्रमाणपत्र) आल्यावर त्यात टीएचं मानधन दाखवलंय का ते पाहा; व्हिसाच्या मुलाखतीत खर्चाचा पुरावा म्हणून हेच कामी येतं. अमेरिकेत उतरल्यावर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात नोंदणी करा. मग सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), आय-२०, विद्यार्थी कार्यालयाचं पत्र आणि विभागाचं नेमणूकपत्र घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात जा. उतरल्यावर दहा दिवस थांबून गेलात तर बरं, नोंदी तोवर संगणकावर दिसू लागतात. काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आय-९ फॉर्मसाठी (काम करायची परवानगी तपासणारा फॉर्म) मूळ कागद दाखवावे लागतात, झेरॉक्स चालत नाही. क्रमांक हातात आला नसला तरी अर्ज केलेला असेल तर काम सुरू करता येतं.

पूर्वी अमेरिकेत राहिला नसाल तर पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यासाठीचा) कर कापला जायला नको. ऑगस्टमध्ये पोहोचलात तरी ते अख्खं वर्ष धरतात. पहिल्याच पगारपत्रकात ही कपात दिसली तर लगेच पेरोल कार्यालयाला कळवा.