पथनाट्य, कोकणातील

रस्त्याचा नाका, एसटी स्थानक, आठवडा बाजार, मच्छीची जेटी किंवा देवळापुढचे पटांगण अशा उघड्या जागी, रंगमंच आणि तिकीट यांवाचून केलेला छोटा नाट्यप्रयोग. हिंदीत यालाच नुक्कड नाटक म्हणतात. प्रयोग साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत संपतो. येथे पालघर ते सिंधुदुर्ग या किनारपट्टीवरील राजकीय आशयाच्या पथनाट्यापुरताच विचार केला आहे.

कोकणात हा प्रकार कोठून आला याबाबत दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो मुंबईहून आला. १९४३ मध्ये मुंबईत इप्टाची (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, डाव्या विचारांच्या कलावंतांची नाट्यसंघटना) स्थापना झाली. पाठोपाठ १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. गिरणगावातल्या चाळींपुढे त्यांचे प्रयोग होत, आणि त्या चाळींत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग त्यातच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला) आलेला कामगार मोठ्या संख्येने राहत होता. शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणारा चाकरमानी पोवाडा, छक्कड आणि लोकनाट्याची चाल बरोबर घेऊन गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही ये-जा वाढली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कायमचेच गावी परतले, तेव्हा मोर्चा, सभा आणि नाटक एकत्र बांधण्याची सवयही त्यांच्याबरोबर आली असावी. ‘पथनाट्य’ हा शब्द मराठीत याच दशकात रुळला असे दिसते. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ प्रयोग चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर तो शब्द घरोघरी पोचला.

दुसरे मत नमन-खेळे, जाखडी आणि दशावतार या कोकणातल्या जुन्या लोककलांकडे बोट दाखवते. येथे एक उपवाद निघतो. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास कर्नाटकातून दशावतार आणला, असे परंपरेने सांगितले जाते. परंतु सतराव्या शतकातल्या दासबोधात दशावतारी खेळांचा उल्लेख आहे. तेव्हा काळे यांनी खेळ आणला असे म्हणण्याऐवजी चालू खेळाला नवे वळण दिले, एवढेच म्हणणे सुरक्षित ठरेल. पथनाट्याच्या दृष्टीने तारखेपेक्षा संकासुराचे महत्त्व अधिक आहे. काळ्या वेषातला, वेद चोरणारा हा असुर दशावताराच्या पूर्वरंगात येतो तो गावच्या बोलीत बोलत. त्याचे संवाद लिहिलेले नसतात. गावचा रस्ता, सावकार, पुढारी, मानकरी यांतले काहीही त्याच्या बोलण्यात येऊ शकते आणि असुर बोलतो आहे म्हणून कोणी रागावत नाही. जाखडीतल्या शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन प्रतिस्पर्धी पक्षांच्या सवाल-जबाबातही ताज्या घडामोडी गुंफल्या जातात.

यांखेरीज जलशांची, म्हणजे गाणी आणि संवाद यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांची, एक धार आहे. सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) जलशांनी तमाशाचा साचा घेऊन भटजी आणि सावकार यांच्यावर प्रहार केले. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर आंबेडकरी जलसे पुढे आले. अलिबागजवळच्या चरीचा नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संप (१९३३–३९) आणि डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक यांमुळे ‘खोत’ (गावचा सारा वसूल करणारा जमीनदार) हे पात्र कोकणी माणसाच्या डोळ्यांपुढे कायमचे उभे राहिले. नंतरच्या नाटकांतला दलाल किंवा कंपनीचा माणूस याच खोताचा वारस आहे.

प्रस्तुत नोंदकाराला दोन्ही मतांचा मेळ शक्य वाटतो. डफ, गोल रिंगण, एकसारखे कुर्ते आणि सामूहिक घोषणा हा बांधा शहरी कलापथकांचा आहे. सत्ताधाऱ्याला तोंडावर बोलण्याची मुभा मात्र खेळ्यांनी दिली. शहरातला प्रेक्षक पथनाट्य उभ्याने बघतो आणि टाळ्या वाजवून निघतो. कोकणातला प्रेक्षक मध्येच उत्तर देतो, नटाला नावाने हाक मारतो, कारण संकासुराशी त्याचे तसेच नाते आहे. चांगला नट ते उत्तर झेलून पुढच्या वाक्यात घेतो.

साहित्य अगदी थोडे लागते. एक ओढणी कधी खाडी होते, कधी कुंपण, कधी फास. सातबाराचा उतारा ही येथली खास वस्तू. कोकणात जमिनी बहुधा सामायिक असतात आणि एकेका उताऱ्यावर डझनावारी नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईत. नटाने तो लांबलचक कागद उलगडून नावे वाचायला सुरुवात केली की भूसंपादनाचा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भाषा त्या त्या ठिकाणची: रायगडात आगरी, रत्नागिरीत संगमेश्वरी, तळकोकणात मालवणी. पावसाचे चार महिने उघड्यावर काही करता येत नाही, त्यामुळे हंगाम तुळशीच्या लग्नापासून मे अखेरपर्यंतचा, म्हणजे दशावताराचाच.

कायद्याची बाजू सहसा दुर्लक्षित राहते. नाटकांवर बंदी घालण्याची मुभा सरकारला देणारा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून निघायला २०१७ चा निरसन अधिनियम यावा लागला. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलम ३३ खालील नियमांनुसार रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ऐन वेळी रचलेल्या पथनाट्याला लिखित संहिताच नसते, तेव्हा तपासायचे काय हा प्रश्न उरतो. प्रत्यक्षात अधिक अडवते ते कलम ३७ (३). त्याखाली जमावबंदी लागली की पाच किंवा अधिक माणसे एकत्र येऊ शकत नाहीत. सात-आठ नटांचा ताफा प्रेक्षक जमण्यापूर्वीच बेकायदा ठरतो. राज्य शासनाच्या मंजुरीविना हा आदेश पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, पण पाठोपाठ नवा आदेश काढता येतो. जमावबंदीसाठीच वापरल्या जाणाऱ्या, फौजदारी प्रक्रिया संहितेतील जुन्या कलम १४४ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. शांततेने नाटक करणाऱ्यांना गुन्हेगारासारखे वागवणारी जमावबंदीची ही तरतूद अन्यायकारक आहे, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

जासईचे १९८४ चे भूसंपादनविरोधी आंदोलन, गुहागर तालुक्यातील एन्रॉनचा वीजप्रकल्प, पेण-उरणचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), जैतापूरचा अणुप्रकल्प (येथे एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे गोळीबार झाला), २०१९ मध्ये रद्द झालेली नाणारची रिफायनरी आणि २०२३ मधले बारसूचे रिफायनरीविरोधी आंदोलन या लढ्यांनी पथनाट्याला विषय पुरवले. मतदार जागृती आणि स्वच्छता यांसाठी सरकारी खातीही हेच माध्यम वापरतात.

गोव्यात सासष्टीतल्या अंगणांत कार्निव्हलच्या दिवसांत होणारे ‘खेळ’ याच्या जवळचे, मात्र त्यांची परंपरा स्वतंत्र आहे. नमन आणि दशावतारात स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करत आले. स्त्रीमुक्ती संघटनेच्या ‘मुलगी झाली हो’ (१९८३) या नाटकाचे प्रयोग राज्यभर झाले, आणि पथनाट्याच्या रिंगणात स्त्रिया आपली भूमिका आपणच करू लागल्या. नमनातली मावशी मात्र आजही बहुधा लुगडे नेसलेला पुरुषच असते.