पिवळे डोंगर, काळी वाळू आणि सगळी सिलिकाची करामत

आइसलँडच्या दक्षिणेला डोंगराळ निर्जन भागात लाउगावेगुर नावाची ट्रेल आहे, लांडमन्नालाउगारपासून थोर्समर्कपर्यंत साधारण 55 किमी, बहुतेक लोक चार दिवसांत करतात. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या डोंगरांचे फोटो बघून अनेकांना वाटतं रंग एडिट केलेत, पण ते खरंच तसे आहेत. मला मात्र त्याहून भारी हे वाटतं की चालता चालता पायाखालचा दगडच बदलत जातो, आणि का बदलतो ते तिथेच समोर दिसतं.

सगळं ठरतं मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडात, सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) किती आहे यावर. आइसलँडचा बराचसा दगड बेसॉल्ट, त्यात सिलिका 50 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे लाव्हा पातळ असतो आणि लांबवर वाहत जातो. ट्रेलच्या सुरुवातीच्या भागातला तोर्फायोकुल हा ज्वालामुखी वेगळा आहे, तिथे रायोलाइट नावाचा दगड सापडतो आणि त्यात सिलिका 70 टक्क्यांच्या वर. सिलिका वाढली की सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना धरून लांब साखळ्या बनवतात, त्या एकमेकींत अडकतात आणि मॅग्मा इतका घट्ट होतो की धड वाहतच नाही. ट्रेलच्या सुरुवातीलाच लाउगाह्रौनचा लाव्हा लागतो, 1477 सालचा. फार लांब न जाता जागच्या जागी ढीग झालाय, कडा उभ्याच्या उभ्या, आणि त्यात जागोजागी चकचकीत काळी काच म्हणजे ऑब्सिडियन. घट्ट लाव्हा थंड होताना अणूंना सरकून नीट रांगेत बसायला जमलंच नाही, स्फटिक बनले नाहीत, काच झाली. तिची धार ब्लेडसारखी असते, हात टेकताना खरंच जपा.

रंगांचं काम गरम पाण्याचं आणि गंधकयुक्त वाफांचं. त्यातून आम्ल बनतं, ते दगड कुजवून त्याची माती करतं, लोखंड गंजून लाल होतं आणि गंधक पिवळं साचतं. वाफ येते तिथे वरचा पापुद्रा पातळ आणि खाली उकळता चिखल असू शकतो, म्हणून मळलेली वाट सोडायची नाही.

पुढे ह्राफ्नतिन्नुस्केर, उंची हजार मीटरच्या वर, जुलैतही बर्फ. तिथून आल्फ्तावात्न तळ्याकडे उतरलं की पिवळं एकदम संपतं, गडद डोंगर, त्यावर हिरवंगार शेवाळ. हे बरेचसे डोंगर हिमयुगात बर्फाखाली झालेल्या उद्रेकांतून बनलेत. तापलेला बेसॉल्ट बर्फाच्या पाण्याला भिडला, फुटून काचेचे कण झाले आणि नंतर तेच कण चिकटून दगड बनला.

मग काळ्या वाळूचं वाळवंट. पाऊस भरपूर पडतो तरी जवळपास काही उगवत नाही, कारण पाणी त्या भरड वाळूतून सरळ खाली निघून जातं आणि वाळू वाऱ्याने सतत हलत असते. मधे नद्या पायी ओलांडाव्या लागतात. ग्लेशियरच्या नदीला सकाळी पाणी कमी असतं, दुपारी बर्फ वितळला की चढतं, त्यामुळे लवकर निघणं शहाणपणाचं. पाण्यात उतरण्याआधी बॅगेचा कमरेचा बेल्ट उघडायचा, पडलात तर बॅग लगेच टाकता आली पाहिजे.

थोर्समर्कला बर्चचं जंगल दिसलं की डोळे निवतात. जमत असेल तर तिथून पुढे फिम्मव्होर्दुहाल्स खिंड कराच. 20 मार्च 2010 ला तिथे बेसॉल्टचा उद्रेक झाला आणि माग्नी, मोदी असे दोन नवे डोंगर तयार झाले, नावं नॉर्स पुराणकथांमधल्या 'थोर' नावाच्या देवाच्या मुलांची. 14 एप्रिलला शेजारचा एयाफ्यात्लायोकुल बर्फाखालून फुटला. खालून चढलेला बेसॉल्ट तिथे आधीपासून पडून असलेल्या, जास्त सिलिकावाल्या मॅग्मात मिसळला, त्यात बर्फाचं पाणी, म्हणून राख इतकी बारीक झाली की युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर होती. माग्नीवर त्यानंतरही बराच काळ दगडांच्या फटीतून वाफ येत होती, आणि चालणाऱ्यांना ती ऊब हाताला जाणवायची.