विणलेली महाशिल्पे

सूत, लोकर, नायलॉन यांसारखे तंतू क्रोशाने, विणकामाच्या सुयांनी, नुसत्या बोटांनी किंवा यंत्रावर विणून उभारलेली, माणसाला आत शिरता येईल एवढी मोठी शिल्पे. ती केवळ भोवती फिरून पाहण्यासाठी नसतात. त्यांत चालायचे, बसायचे, लोळायचे, लोंबकळायचे असते.

या कलेचे सारे मर्म टाक्यात आहे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते फारसे ताणत नाही. सुईच्या विणीत एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवलेले असतात. भार पडला की फास लांबट होतो, शेजारच्या फासातला धागा ओढून घेतो आणि ताण दूरवर वाटला जातो. म्हणून एका टोकाला कोणी उडी मारली, की दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही हलतो. टाके वाढवत किंवा घटवत गेले, तर कुठेही शिवण न घालता नळी, पिशवी, घुमट असे आकार मिळतात. विणकामाला निव्वळ सजावट समजणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

१९६० च्या दशकात पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी सायझलची (घायपाताच्या जातीच्या वनस्पतीच्या चिवट तंतूंची) प्रचंड शिल्पे छतापासून टांगली. ती मागाच्या पद्धतीची होती, पण तंतुकला भिंतीवरून सुटून मोकळ्या जागेत आली ती अशा कामांमुळे. १९७२ मध्ये लॉस एंजेलिस येथील ‘वुमनहाऊस’ या स्त्रीवादी प्रकल्पात फेथ वाइल्डिंग यांनी एक अख्खी खोली क्रोशाच्या जाळ्याने व्यापली. घरकामात गणल्या जाणाऱ्या कौशल्याला त्यांनी वास्तूचे माप दिले.

या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे नाव मात्र तोशिको होरिउची मॅकॲडम यांचे (जन्म १९४०, जपान). त्यांची सुरुवातीची कामे पाहण्यापुरतीच होती. एका प्रदर्शनात मुले त्यांच्या टांगलेल्या शिल्पावर चढली आणि ते हलू-झुलू लागले. तिथून त्यांच्या कामाची दिशाच बदलली. टोकियोतील मुले कुठे आणि कशी खेळतात हे त्यांनी हिंडून पाहिले आणि मुलांना अंग झोकून देता येईल अशी क्रोशाची क्रीडांगणे रचायला घेतली. १९७९ मध्ये ओकिनावातील उद्यानात, २००० मध्ये साप्पोरोजवळच्या ताकिनो उद्यानात आणि २००९ मध्ये हाकोने येथील खुल्या आकाशाखालच्या शिल्पसंग्रहालयात त्यांची कामे उभी राहिली. हाकोनेत तेझुका आर्किटेक्ट्स या वास्तुरचनाकार संस्थेने लाकडी तुळयांचा मंडप रचला आणि त्याच्या आत मॅकॲडम यांची रंगीत नायलॉनची हातविणीची जाळी टांगली. मुले जाळीवर, मोठी माणसे खाली. भार किती, कुठे आणि कसा पडेल याचा हिशेब अभियंत्यांकडून करून घ्यावा लागतो, तरीही प्रत्येक टाका हातानेच पडतो.

ब्राझीलचे एर्नेस्टो नेटो गंधालाही शिल्पाचा भाग करतात. त्यांच्या झिरझिरीत, लोंबत्या पिशव्यांत हळद, लवंग असे मसाले भरलेले असतात. झुरिकच्या मुख्य रेल्वे स्थानकात २०१८ मध्ये त्यांनी सुती पट्ट्या हाताने गुंफून सुमारे २० मीटर उंचीचे झाड उभे केले. त्याखाली प्रवासी विसावत. जेनी साबिन यांनी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या समकालीन कलेच्या संग्रहालयाच्या अंगणात संगणकाच्या आज्ञेने यंत्रावर विणलेले छत ताणले. दिवसाचा प्रकाश शोषून त्यातील धागे अंधारात उजळत.

नायलॉन सूर्याच्या अतिनील किरणांनी ठिसूळ होते, सूत ओलाव्याने कुजते आणि पायांखाली वीण झिजते. त्यामुळे जाळी बदलणे, पुन्हा विणणे हा या कामांच्या आयुष्याचा नित्याचा भाग आहे. काही कलाकार मात्र हा क्षय मुद्दाम स्वीकारतात. ऑस्ट्रियाच्या गेलिटिन गटाने २००५ मध्ये उत्तर इटलीतील एका डोंगरावर पेंढा भरलेला, सुमारे ६० मीटर लांबीचा विणलेला गुलाबी ससा आडवा टाकला. गिर्यारोहक त्यावर चढत, पहुडत. २०२५ पर्यंत तो तिथेच राहील असे ठरले होते. ऊन-पाऊस-बर्फाने तो त्याआधीच बराचसा विरून गेला.