पाळणा लांबवायचा निर्णय

लग्नाला वर्ष होत आलं की हळदीकुंकवाला ओटी भरताना कुणीतरी विचारतंच, "मग, गोड बातमी कधी?" हे ‘कधी’ नवरा-बायकोने ठरवायचं असतं, ही कल्पना आपल्याकडे जेमतेम शंभर वर्षांची आहे.

त्याआधी प्रश्नच नव्हता. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, न्हाण आलं की गर्भाधानाचा विधी, पुढे बाळंतपणांची रांग. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असं सुनावलं. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तीही टिळकांसारख्यांच्या कडाडून विरोधात. शारदा कायद्याने १९२९ मध्ये मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं. १९७८ मध्ये ते अठरा झालं.

पण लग्न उशिरा होणं वेगळं आणि लग्नानंतर थांबता येणं वेगळं. हे दुसरं रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आणलं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. स्वतःला मूल नको हे ठरवून त्यांनी नसबंदीही करून घेतली. या सगळ्यात पत्नी मालतीबाई त्यांच्यासोबत होत्या. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

समाजस्वास्थ्यच्या एका खटल्यात डॉ. आंबेडकर कर्व्यांचे वकील होते. १९३८ मध्ये आंबेडकरांच्याच वतीने आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणी तयार झाला नसता, असं त्या भाषणात आहे. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतलं, पण नजर राहिली ‘किती’वर. लाल त्रिकोण, ‘दो या तीन बस’, आणीबाणीतली सक्ती. पहिलं मूल केव्हा, हा प्रश्न मागेच राहिला.

तो सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये पुढे आणला. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवला तर ७,५००. लोक त्याला ‘हनिमून पॅकेज’ म्हणायचे. अठरा पूर्ण होताच लग्न आणि वर्षाच्या आत बाळंतपण, हे गावोगाव चालूच होतं, म्हणून हे पैसे द्यायची वेळ आली. नाव नोंदवायला मात्र दोघांनी मिळून यावं लागे. घरात कुणाला न सांगता एकट्या सुनेला ते जमणारं नव्हतं.