कंपायलरची घाई आणि कॅशची जागा

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये बदलणारं साधन. त्याला वेगवान कोड मागितला, की तो बरेचदा प्रोग्राम लांबवतो. त्यामागे पक्का हिशेब असतो. फंक्शनला हाक मारणं, तिथून परतणं, लूपच्या प्रत्येक फेरीला 'संपलं का?' हे तपासणं, या सगळ्यात वेळ जातो. म्हणून फंक्शनचा कोड तो हाक मारणाऱ्याच्या जागीच उतरवतो, हे इनलायनिंग. लूपच्या चार-आठ फेऱ्या सलग लिहून काढतो. हे लूप अनरोलिंग.

अडचण पुढे येते. प्रोसेसर सूचना घेतो त्या गाभ्यालगतच्या इन्स्ट्रक्शन कॅशमधून, म्हणजे सूचना हाताशी ठेवणाऱ्या वेगवान मेमरीतून, आणि ती फार छोटी असते. अनेक प्रोसेसरांत ती ३२ किलोबाइटची आहे. कॅशमध्ये सूचना ओळीओळीने येतात; ६४ बाइटची एक ओळ धरली तर ५१२ ओळी. एक सूचना सरासरी चार बाइटची मानली तर साधारण आठ हजार सूचना. आता २०० बाइटचं एक फंक्शन ५० ठिकाणी इनलाइन झालं असं समजा. झाले १०,००० बाइट. त्या पन्नासही जागा वरचेवर चालत असतील, तर जवळपास तिसरा हिस्सा कॅश एकाच फंक्शनच्या नकलांनी अडवला. बाकीच्या सूचना बाहेर ढकलल्या जातात आणि पुन्हा आणाव्या लागतात. मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर त्यात शंभराहून जास्त क्लॉक सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, सहज जातात. डेटा यायला उशीर झाला तर प्रोसेसर तोवर पुढच्या सूचना उरकून घेऊ शकतो. इथे सूचनाच संपलेल्या, मग उरकणार काय?

माझ्या मते कोडच्या आकाराइतकीच त्याची मांडणी महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. फाइल उघडली नाही तर त्रुटीचा संदेश तयार करणारा कोड घ्या. तो क्वचितच चालतो. पण नेहमीच्या कोडच्या मधोमध बसला, तर त्याच ६४ बाइटच्या ओळीतून तोही कॅशमध्ये येतो आणि फुकट जागा खातो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागात, प्रोग्रामर 'लाइकली' आणि 'अनलाइकली' अशा खुणा करतात त्या यासाठीही: क्वचित लागणारा भाग कंपायलरने वाटेतून बाजूला ठेवावा.

पण माणसाचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा प्रोग्राम आधी चालवून पाहावा, कुठला रस्ता खरोखर वर्दळीचा आहे हे नोंदवावं आणि त्यानुसार कोड रचावा. पेटिस आणि हॅन्सन या संशोधकांनी १९९० मध्ये हाच मार्ग मांडला होता. फेसबुकमध्ये तयार झालेलं 'बोल्ट' हे साधन तर कंपाइल होऊन तयार असलेल्या प्रोग्रामचीच अशी फेरमांडणी करतं. आज ते एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाचा भाग आहे.

कंपायलरने कोड किती जोर लावून वेगवान करायचा हे 'ओ-२', 'ओ-३' अशा पर्यायांनी सांगतात. तेव्हा 'ओ-३' हा जास्त जोराचा पर्याय 'ओ-२'पेक्षा वेगवानच ठरेल, असं गृहीत धरू नका. छोट्या चाचणीत अख्खा कोड कॅशमध्ये मावतो, त्यामुळे तिथे हा तोटा दिसतच नाही. मोजणी खऱ्या, पूर्ण प्रोग्रामवर करा, आणि वेळेसोबत इन्स्ट्रक्शन कॅशच्या चुकाही, म्हणजे हवी ती सूचना कॅशमध्ये न सापडण्याच्या वेळाही, मोजा. लिनक्सवर 'पर्फ' हे साधन बहुतेक प्रोसेसरांवर तो आकडा देतं.