शीख दस्तार आणि कायदा : पार्श्वभूमी

खालसा पंथाच्या पाच ककारांत, म्हणजे अंगावर बाळगायच्या धर्मचिन्हांत, केशांचा समावेश आहे, पगडीचा (दस्तारीचा) नाही. तरीही केस न कापणे आणि ते झाकलेले ठेवणे या दोन गोष्टी परंपरेने एकत्रच सांभाळल्या. मोगल अमलात पगडी हे दरबारी मानमरातबाचे चिन्ह होते. १६९९ मध्ये खालसा पंथ स्थापन झाल्यानंतर तीच शेतकरी आणि कारागीर खालशांच्या डोक्यावर दिसू लागली. १९४५ मध्ये मान्य झालेल्या रेहत मर्यादेने, म्हणजे शीख आचारसंहितेने, दस्तार पुरुषांसाठी आवश्यक आणि स्त्रियांसाठी ऐच्छिक ठरवली, मात्र केसकीलाच (लहान पगडीला) ककार मानणारे जथे, म्हणजे पंथातील गट, स्त्रियांनाही ती बांधायला सांगतात.

पगडीचा प्रश्न न्यायालयात खऱ्या अर्थाने तापला तो ब्रिटनमध्ये. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बससेवेत पगडी आणि दाढीवर असलेली बंदी दोन वर्षांच्या आंदोलनानंतर १९६९ मध्ये उठली. १९७३ मध्ये मोटरसायकलस्वारांवर हेल्मेटची सक्ती आली आणि १९७६ मध्ये संसदेने पगडीधारी शिखांना त्यातून वगळले. पाच-सहा मीटर मलमल घट्ट बांधलेल्या डोक्यावर हेल्मेट बसत नाही आणि पगडी उतरवून ते घालणे श्रद्धावान शिखाला शक्य नसते, एवढी साधी ही अडचण होती.

सर्वांत गुंतागुंतीचा निकाल १९८३ चा. बर्मिंगहॅममधील एका खासगी शाळेने केस कापून पगडी काढल्याशिवाय एका शीख मुलाला प्रवेश देण्यास नकार दिला होता. तेथील १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्यात धर्माचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे शीख हा वांशिक गट आहे हे सिद्ध केल्याशिवाय मुलाला न्याय मिळणे शक्य नव्हते. अपील न्यायालयाने ते अमान्य केले. तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र दीर्घ सामाईक इतिहास आणि स्वतंत्र सांस्कृतिक परंपरा या मुख्य कसोट्या लावून मुलाच्या बाजूने कौल दिला. निकाल न्याय्यच होता, पण ज्या पंथात दीक्षा घेऊन कोणीही येऊ शकतो, त्याच्या धर्मचिन्हाला संरक्षण मिळाले ते वंशाच्या आधारे. मुसलमानांना हा आधार मिळाला नाही. नोकरीतील धर्माधारित भेदभावाविरुद्ध तरतूद ब्रिटनभर लागू व्हायला २००३ उजाडले.

फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांवर बंदी घातली आणि पगडीधारी विद्यार्थीही त्या बंदीत सापडले.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने पगडी बांधलेल्या शीख स्वाराला हेल्मेटमधून सूट दिली. ऐच्छिक दस्तारीचा जुना प्रश्न २०१८ मध्ये चंडीगडला याच तरतुदीवरून पुन्हा उभा राहिला. प्रशासनाने आधी सूट पगडी बांधणाऱ्या शीख स्त्रियांपुरती ठेवली; विरोधानंतर केंद्राच्या सूचनेवरून ती सर्व शीख स्त्रियांना लागू झाली.